लोकल वेळापत्रक प्रोग्राम: कांजूरमार्गनंतरच्या क्रॅशचा माग

मध्य रेल्वेच्या स्थानकांची नावे आणि लोकलच्या वेळा टर्मिनलवर दाखवणारा जो सी प्रोग्राम मी फावल्या वेळात लिहीत आहे, त्यात रोमन लिपीतील नावे काढून देवनागरी नावे घातल्यापासून तो दर वेळी सेगमेंटेशन फॉल्ट (स्मृतीतील मनाई असलेल्या जागेला हात लावल्याची चूक) देऊन बंद पडत होता. चाचणीच्या फाईलमध्ये ठाण्यापासून घाटकोपरपर्यंतचीच स्थानके आहेत. नवा नोड (एका स्थानकाची नोंद) लिंक्ड लिस्टच्या, म्हणजे प्रत्येक नोडमध्ये पुढच्या नोडचा पत्ता ठेवणाऱ्या साखळीच्या, डोक्याशी जोडला जात असल्याने छपाई उलट क्रमाने होते. घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग ही नावे व्यवस्थित उमटत आणि भांडुपच्या जागी क्रॅश होई.

जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस, म्हणजे एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांची यादी, घेतला तेव्हा सर्वांत वरची फ्रेम (यादीतली नोंद) लायब्ररीतील स्ट्रलेन या मजकुराची लांबी मोजणाऱ्या फंक्शनची निघाली. तिथे शोधण्यासारखे काही नसते, म्हणून छपाईच्या फंक्शनपर्यंत वर येऊन चालू नोडचा पॉइंटर (स्मृतीतील पत्ता) छापला. त्याचे शेवटचे चार हेक्स अंक ००९७ होते. ६४ बिट लिनक्सवर मॅलॉक (स्मृती मागून घेण्याचे फंक्शन) १६ ने भाग जाणारे पत्ते देतो, त्यामुळे ७ ने संपणारा पत्ता त्याने दिलेला असणे शक्यच नव्हते. जीडीबीबाहेर पत्ते दर वेळी बदलतात, पण कोअर फाईल (बंद पडतानाच्या स्मृतीची प्रत) उघडून पाहिली तर तिथेही शेवट ००९७ हाच होता.

ही खूण फार बोलकी आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा अनुस्वार, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते. ‘कांजूरमार्ग’मध्ये अशी ११ चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट, आणि मजकुराचा शेवट दाखवणारे शून्य धरून ३४. नोडमध्ये नावाला ३२ बाइटांची जागा असून तिला लागूनच पुढच्या नोडचा पॉइंटर आहे. ‘ग’चा शेवटचा बाइट ९७ आणि त्यामागचे शून्य असे दोन बाइट त्या पॉइंटरवर सांडले होते, लिटल एंडियन मांडणीत (सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी) ते उलटे वाचले की ००९७.

तरीही अंदाजावर न थांबता त्या पॉइंटरच्या पत्त्यावर हार्डवेअर वॉचपॉइंट (तिथली किंमत बदलताच प्रोग्राम थांबवणारा पहारा) लावला. नोड जोडताना योग्य किंमत बसली आणि लगेच पुढच्या ओळीत, मजकूर उतरवणाऱ्या स्ट्रकॉपी फंक्शनच्या आत, ती बिघडली.

ॲड्रेस सॅनिटायझर आणि वॅलग्रिंड या स्मृतीच्या चुका पकडणाऱ्या दोन्ही साधनांनी लिहिण्याच्या क्षणी चकार शब्द काढला नाही, कारण नाव आणि पॉइंटर एकाच ४० बाइटांच्या तुकड्यात आहेत आणि या साधनांचा पहारा तुकड्याच्या सीमेवर असतो, आतल्या फील्डवर नाही. याउलट ऑप्टिमायझेशन चालू ठेवून फॉर्टिफाय सोर्स या जादा तपासणीच्या पर्यायाची पातळी २ दिली की स्ट्रकॉपी फील्डचा आकार तपासते आणि प्रोग्राम जागच्या जागी थांबवते. हे साधन मंडळींनी इतके दुर्लक्षित का ठेवले आहे, हे मला कळत नाही.

नाव ३२ बाइटांवर कापण्याचा उपाय मी नाकारला, कारण काप ‘ग’च्या मधोमध येऊन अक्षरच मोडते. आता नावासाठी स्ट्रडुप या मजकुराची प्रत करणाऱ्या फंक्शनने हवी तेवढी जागा घेतली जाते आणि ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ हे ८१ बाइटांचे नावही सुखरूप छापले जाते. वेळांचे रकाने मात्र अजून वाकडे येतात: प्रिंटएफ हे छपाईचे फंक्शन रुंदी बाइटांत मोजत असल्याने २० च्या रकान्यात ‘मुलुंड’नंतर दोन मोकळ्या जागा पडतात आणि ‘ठाणे’नंतर आठ. पुढचे काम तेच आहे.