आमची वाटचाल : कोंबडी खत, सळई आणि २०१७ चा तो कागद

२००९ साली दिंडोरी रस्त्याला अर्धा एकर भाड्याने घेऊन मी आणि माझ्या मावसभावाने कोंबडी खताचं काम सुरू केलं. तेव्हा सगळेच ब्रॉयलरचं शेड रिकामं झालं की लिटर, म्हणजे शेडमध्ये अंथरलेला विष्ठेसकटचा तूस, भरायचे आणि थेट द्राक्षबागेच्या चरात टाकायचे. मावसभाऊ पहिल्या दिवसापासून अडून बसला, "दादा, कच्चं विकायचं नाही." तीन फुटी तापमापकाची सळई त्याने स्वतःच्या पैशाने आणली. ती आजही आमच्याकडे आहे, मूठ दोनदा बदलली. तुसाच्या लिटरमध्ये खरड छाटणीच्या काड्या श्रेडरमधून काढून मिसळायच्या, ढिगाच्या लांब रांगा लावायच्या, रांगेच्या पोटात ५५ अंशांच्या वर उष्णता १५ दिवस टिकवायची आणि तेवढ्यात पाच पलट्या द्यायच्या. हे सगळं त्याने बसवलं. पुढे तो सासऱ्यांच्या शेतीवर गेला. मधली वर्षं खत खपत गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखायच्या औषधामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हापासून नाशकात रेसिड्यू, म्हणजे औषधाचा मागे राहिलेला अंश, हा शब्द पोराटोरांना कळतो. पण तो फवारणीपुरता. खतातही रेसिड्यू असतं हे मला २०१७ मध्ये कळलं.

आमचं खत घेणाऱ्या भाजीवाल्यांचा माल उचलणाऱ्या एका खरेदीदाराने खताचा नमुना मागितला. मी बिनधास्त दिला. अहवालात एन्रोफ्लॉक्सासिन निघालं, कोंबड्यांना देतात ते अँटिबायोटिक. माझा विश्वासच बसेना. रांग तापली की साल्मोनेला मरतो हे मला पाठ होतं. पण जंतू मरणं वेगळं आणि औषध मोडणं वेगळं. टेट्रासायक्लिनसारखी औषधं चांगल्या उष्णतेत बरीच मोडतात, एन्रोफ्लॉक्सासिन मात्र खताला चिकटून बसतं. पक्ष्याला पाण्यातून पाजलेल्या औषधाचा बराच भाग तसाच विष्ठेतून बाहेर पडतो, आणि एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग पक्ष्याच्या शरीरातच सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे डॉक्टर माणसाला देतात ते. मातीत औषध थोडं थोडं राहिलं की त्याला दाद न देणारे जंतू तगतात आणि तो गुण दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात, शेजारणीला विरजण द्यावं तसा.

महिन्याभरात चाळीस गिऱ्हाइकांची नऊ उरली. सहाशे टन खत ताडपत्रीखाली पडून, बँकेचे दोन हप्ते थकलेले. आणि आमच्याच तालुक्यातला एक व्यापारी कच्चं लिटर गाड्या भरभरून बागांत टाकत सांगत फिरायचा, "त्यांच्या खतात औषध निघालं." त्याचा नमुना कुणी एकदाही घेतला नाही. घेणार कसा? खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खताला ओलावा, कर्ब-नत्र गुणोत्तर, जड धातू, सगळ्याच्या मर्यादा आहेत, अँटिबायोटिकचा रकानाच नाही. ज्याने तपासलं तोच बदनाम झाला. हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवसांत नाना आले. आमचे पहिले गिऱ्हाईक, सहा एकर थॉमसन द्राक्ष. अहवाल दोनदा वाचला, सळई स्वतः रांगेत खुपसली, आकडा बघितला. म्हणाले, "रांग चांगली तापलीय रे. पण पक्ष्यांना काय पाजलं ते शेडवाल्याला विचारलंस का कधी?" आठ वर्षांत कधीच विचारलं नव्हतं. निघताना त्यांनी ऑक्टोबर छाटणीच्या चार गाड्यांचे पैसे आगाऊ दिले. त्या पैशांत एक हप्ता भरला.

त्यानंतर औषधाची नोंदवही बघितल्याशिवाय एकही शेड उचललं नाही. शेवटच्या बॅचला एन्रो पाजलं असेल तर ते लिटर आम्ही घेत नाही, फुकट दिलं तरी. करार पोल्ट्रीचे सुपरवायझर आधी वही दाखवायला तयार नसायचे. जुलै २०१९ मध्ये केंद्राने कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आणली. माणसांवर बाकीची औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर शेवटी ज्याच्याकडे वळतात ते हे औषध. वाढ व्हावी म्हणून पिल्लांच्या खाद्यात चाललं होतं. बंदी आली त्या संध्याकाळी मावसभावाचा फोन आला, "दादा, आता वही मागायला लाजू नकोस."

आता रांगेची उष्णता उतरल्यावरही खत तीन महिने मुरवतो. त्याने रेसिड्यू कमी होतं, शून्य होतं असं मी कुणाला सांगत नाही.

शेतकरी बांधवांना एवढंच, कच्चं लिटर कोथिंबीर, मेथी, गाजराला घालू नका. द्राक्ष मांडवावर असतं, कोथिंबीर मातीला टेकलेली असते आणि आपण ती कच्ची खातो. खत घेताना मुठीत दाबा, पाणी टपकलं किंवा अमोनियाने डोळे चुरचुरले तर गाडी परत पाठवा. आणि पुरवणाऱ्याला नानांचा प्रश्न विचारा. गेल्या हंगामात आम्ही तीन शेडं नाकारली. तिन्ही त्या व्यापाऱ्याने उचलली.