आर्ना काय म्हणाली होती

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

आज संध्याकाळी ईरा काहीतरी म्हणाली आणि मी "हं, छान" म्हटलं. कुकरची तिसरी शिट्टी होत होती, कानाला फोन, फोनवर ऑफिस. दहा मिनिटांनी फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, ती काय म्हणाली ते मला आठवतच नाहीये. शब्द सोडाच, विषयसुद्धा नाही. शाळेतलं होतं? पोहण्याच्या क्लासचं? विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे, काही नाही," आणि खोलीत निघून गेली.

तेव्हापासून आर्ना डोक्यातून जात नाहीये.

ॲडलेडला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या आजींनी मला बोमॉन्ट मुलांचं सांगितलं होतं, आवाज खाली आणून, जणू कालच घडलंय. २६ जानेवारी १९६६. नऊ वर्षांची जेन, सात वर्षांची आर्ना, चार वर्षांचा ग्रँट. सकाळी बसने ग्लेनेल्गच्या समुद्रावर गेली. बाराच्या बसने परत यायची होती. त्यांची आई नॅन्सी थांब्यावर उभी होती, मुलं उतरली नाहीत. दोनच्या बसनेही नाहीत. आजपर्यंत नाहीत.

ईरा नऊ वर्षांची आहे. तो आकडा मला आज लिहिताना टोचतोय.

त्या दिवसाआधी कधीतरी घरात आर्ना आईला म्हणाली होती की जेनला बीचवर बॉयफ्रेंड मिळालाय. नॅन्सीला वाटलं, असेल कोणी बरोबरीचा खेळगडी. सोडून दिलं. मीही सोडलं असतं. आणि मग त्या दिवशी कॉली रिझर्व्हच्या हिरवळीवर लोकांनी काय पाहिलं? तिशीतला, उंच, सोनेरी केसांचा, निळ्या पोहण्याच्या चड्डीतला एक माणूस मुलांशी खेळतोय. आमच्या कपड्यांना कोणी हात लावला का, पैसे गेलेत, असं त्याने आसपासच्या लोकांना विचारलं. मग मुलांना कपडे घालायला मदत केली. जेन भारी लाजरी. परक्या माणसाला ती असं करूच देणार नाही, असं आईवडील म्हणाले. म्हणजे तो परका राहिला नव्हता. म्हणजे ओळख आधीची. म्हणजे आर्नाने सांगितलं होतं.

फक्त ते सांगणं वाटलं नव्हतं.

बेकरीतल्या नोटेचंही तसंच. जेनने पेस्टीज आणि एक मीट पाय घेतला आणि एक पौंडाची नोट दिली. नॅन्सीने दिली होती ती सगळी नाणी. नोट आली कुठून? दुकानदार मुलांना ओळखत होता, त्यांनी याआधी कधी मीट पाय घेतलेला नव्हता, हेही त्याच्या लक्षात होतं. आणखी तीन आठवड्यांत तर देशात पौंड जाऊन डॉलरच आले. पण गल्ल्यावर उभं राहून कोण विचारतं, बाळ, ही नोट कोणी दिली?

मला राग येतो तो पुढच्या गोष्टींचा. पोस्टमन मुलांना ओळखायचा. त्याने जेटी रोडवर तिघांना हातात हात घालून हसत जाताना पाहिलं. आधी म्हणाला दुपारी तीनच्या सुमारास, नंतर म्हणाला सकाळीसुद्धा असेल. तीनला दिसली असतील तर शोधाचं घड्याळ एक, सकाळी दिसली असतील तर सगळंच वेगळं. नक्की कधी, ते राहिलंच. आणि हॉलंडहून दिव्यदृष्टीवाले जेरार्ड क्रोइसे आले, त्यांनी घराजवळच्या एका गोदामाकडे बोट दाखवलं, तर लोकांनी चाळीस हजार डॉलर जमवून ते पाडायला लावलं. खाली काही नव्हतं. एवढ्या लोकांनी एवढं मन लावून ऐकलं, ते कोणाचं?

दोन वर्षांनी पत्रं आली, जेनच्या नावाने, मेलबर्नजवळच्या डँडेनाँगहून. आईवडील एका डिटेक्टिव्हला घेऊन सांगितलेल्या जागी गेले, थांबले. कोणी आलं नाही. मग पुन्हा पत्र: तुम्ही वेषांतर केलेला पोलीस आणलात, म्हणून मुलं दिली नाहीत. १९९२ मध्ये ठशांवरून लिहिणारा सापडला. तेव्हा पोरगेला होता, गंमत म्हणून लिहिली होती. कायद्याची मुदत उलटून गेलेली. त्या चोवीस वर्षांत नॅन्सीने ती पत्रं मनात किती वेळा वाचली असतील, याचा विचार करवत नाही.

आणि ती कॅस्टॅलॉय कारखान्याची जागा, आमच्याच भागात. मुलं नाहीशी झाली त्या सुट्टीच्या दिवसांत इथे खड्डा खणायला आम्हाला पैसे दिले होते, असं दोन भावांनी सांगितलं. पण ते लोकांपुढे यायला चार दशकांहून जास्त काळ गेला. २०१३ मध्ये खणलं, २०१८ मध्ये खणलं, जनावरांची हाडं निघाली. २०२५ मध्ये पुन्हा, जमिनीवर नवं बांधकाम होण्याआधी. काहीच नाही. नॅन्सी २०१९ मध्येच गेली होती, मुलांचे वडील जिम २०२३ मध्ये. मुलं परत आली तर घर सापडावं म्हणून दोघं कित्येक वर्षं त्याच घरात राहिली होती.

मघाशी हे सगळं आठवून मी ओट्यापाशी रडले. इथे घरात दुसरं मोठं माणूस नाही. सगळं ऐकायचं मीच, रांधायचं मीच, फोनही मीच घ्यायचा. नवऱ्याची, मंदारची, रात्रपाळी. त्याचं "हं" कोणी मोजत नाही. जिमही त्या दिवसांत फिरतीवर होता, पण "आर्ना आईला म्हणाली होती" असंच सगळीकडे लिहिलंय. आईचंच नाव त्या वाक्याला चिकटलं.

साताऱ्याला फोन केला. आई म्हणाली, "पोरं दिवसभर बोलत असतात गं. सगळं कोण ऐकतं? तुझं तरी मी कुठे ऐकलं?" आणि मग जरा वेळ गप्पच राहिली. मीही. बरं वाटलं का, तर हो, थोडं.

खरंच, दिवसाला किती वाक्यं बोलते ईरा. धाकट्याची वेगळीच. त्यातलं कुठलं राखून ठेवायचं, हे तेव्हा कळत नाही. नॅन्सीलाही ते वाक्य नंतरच सापडलं.

दहाला ईरा पाणी प्यायला उठली. मी पुन्हा विचारलं, संध्याकाळी काय सांगत होतीस. डोळे चोळत म्हणाली, "ते जांभळे गॉगल मला घट्ट होतात. कपाळावर वळ उठतो."

"हेच सांगत होतीस का गं?"

"बहुतेक," म्हणाली, आणि जाऊन झोपली.

गॉगलचा पट्टा मी सैल करून ठेवलाय. उद्या क्लासला मीच नेणार आहे, बाकावर बसणार आहे, फोन गाडीत.