सांड्याचं बंद दार

जानेवारीत भल्या सकाळी बासांचा फोन आला, "मशीन आलंय, लवकर या." बासा म्हणजे तिथले वयस्क मेंढपाळ. जैसलमेरच्या पश्चिमेचं ते कठीण मातीचं माळरान मी ऑक्टोबरमध्ये पायी फिरून मोजलं होतं, सांड्याचं बीळ न् बीळ. मी पोचेपर्यंत सौर प्रकल्पासाठी अर्धं सपाट झालं होतं.

सांड्याला बरेच जण घोरपड समजतात. हा काटेरी शेपटीचा, मोठा झाला की गवत-पानं-फुलांवर जगणारा सरडा. एका बिळात एकच. आत शिरला की बिळाचं तोंड मातीने बुजवून टाकतो आणि थंडीत तर कित्येक आठवडे बाहेर येत नाही.

या जागेची पाहणी डिसेंबरात झाली होती. कागदावर लिहिलं होतं, 'वन्यजीव आढळले नाहीत.' डिसेंबरात आढळतील कसे? सगळे दारं लावून निजलेले!

उकरलेल्या ढिगात बासांना एक सापडला. थंडीने काळवंडलेला, ऊन खाल्लं की हाच मातकट पिवळा दिसतो. मांडीवर निळसर डाग. मी ओढणीत घेतला. शेपटीवरच्या काट्यांची कडी न् कडी शाबूत, कंबरेचा चेंदा. एक पाय हळूच ताणला, मग थांबला.

मशीनवरचा पोरगा खाली उतरला. "मॅडम, याचं तेल निघतं ना?"

आमच्या गावच्या आठवडी बाजारातही गुडघेदुखीवर म्हणून हे तेल विकायचे, समोर पाठ मोडलेले जिवंत सांडे मांडून. ती नुसती चरबी. त्या चरबीपायी आजही याची शिकार होते. मी त्याला हाताला धरून नेलं आणि पात्यापासून दोन हातांवरचं एक बुजवलेलं दार दाखवलं. धोका वाटला की आत जायचं आणि गप्प बसायचं, एवढंच या जिवाला ठाऊक. मशीन धडधडत आलं तरी तो तेच करतो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने सांड्याला संरक्षण आहे, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो 'असुरक्षित' आहे. पण त्याच्या जमिनीला कोण वाली? आपल्या सातबाऱ्यासारखे इथेही महसुली कागद असतात, आणि त्यात असली माळरानं 'पडीक' म्हणून लागतात. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पोचलं तिथे नांगर फिरला, आता उरलेल्यावर हे. सूर्याची वीज मलाही हवी आहे. निदान पाहणी तरी उन्हाळ्यात करा, सांडे बाहेर असतात तेव्हा.

पोराने इंजिन बंद केलं. कडेचा पट्टा उद्यापर्यंत सोडतो, म्हणाला. पुढचं साहेब ठरवतील. गाडीत फक्कीची पिशवी होती. बासा काठीने एकेक दार दाखवत गेले, मी भोवती पांढरं कडं ओढत गेले, अंधारात काठीचं टोक दिसेनासं होईपर्यंत.