अडीच किलोमीटर काळी माती

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझा मावसभाऊ जळगावहून तोरणमाळला बाईकवर जाऊन आलो. चोपडा, शिरपूर, शहादा, म्हसावद असा जाण्याचा मार्ग आणि येताना तोच. दोन दिवस, दोन गाड्या, साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. निघण्यापूर्वी ज्याने त्याने आम्हाला सात पायरीच्या घाटाची धास्ती घातली होती. घाट आहेही तसाच. वळणामागून वळण चढत गेले की मागे सोडलेला रस्ता पायऱ्यांसारखा एकाखाली एक दिसू लागतो, आणि सुमारे 1,150 मीटर उंचीच्या पठारावर पोचल्यावर तापीकाठचा उकाडा खरोखरच मागे राहतो. यशवंत तलावाच्या काठी मात्र जवळजवळ प्रत्येक गाडीतून वेगळे गाणे वाजत होते आणि ते मला मनापासून खटकले. इतक्या निवांत जागी येताना आपण सोबत काय आणतो, याचा विचार माणसाने करायला हवा. घाटाबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही. गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये निमूटपणे चढल्या आणि तशाच उतरल्या.

आमची कसोटी लागली ती परतीच्या वाटेवर, सपाटीवर, जिथे काही अवघड असेल असे कुणाच्याही मनात येत नाही.

शिरपूर सोडून आम्ही अनेर नदीच्या अलीकडे पोचलो, तेव्हा पुढे एक मालवाहू गाडी आडवी होऊन रस्ता बंद झाला होता आणि वाहनांची रांग लागली होती. खड्ड्यांनी आधीच हाडे खिळखिळी झालेली, चार वाजत आलेले. रांगेतल्या कुणीतरी डावीकडचा शिवाररस्ता दाखवला आणि अडीच किलोमीटरवर पुन्हा डांबर लागते असे सांगितले. आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला होता, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही मी गाडी वळवली, आणि हा निर्णय सर्वस्वी माझा होता.

पहिली शंभरेक पावले गाडी बरी चालली. मग हँडल जड झाले, मागचे चाक डावीउजवीकडे सरकू लागले आणि पुढचे चाक फिरायचेच थांबले. खाली उतरून पाहिले तर टायर आणि मडगार्ड यांच्यामधली दोन बोटांची फट चिखलाने गच्च भरली होती. चिखलात गवत आणि पऱ्हाटीचा पालापाचोळा मिसळल्यामुळे तो लिंपलेल्या भिंतीसारखा घट्ट बसला होता. बसाल्टच्या झिजेतून तयार झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगाळते, हे शाळेत शिकलो होतो. तिच्यावर पिकलेली केळी आणि भरिताची वांगी खाऊन मोठा झालो होतो. पण ती हाताने उकरून काढण्याची वेळ त्या दिवसापर्यंत माझ्यावर कधी आली नव्हती. काडीने काढली तर काडी मोडायची, बोटांनी काढली तर बोटांना चिकटायची. दहा मिनिटे खपून चाक मोकळे करावे आणि वीस पावलांवर ते पुन्हा जाम व्हावे, असे सहा-सात वेळा झाले. चिडून मी जोरात रेस दिली, तेव्हा चाक जागेवरच फिरून गाडी आणखी रुतली आणि क्लचप्लेट जळाल्याचा वास आला. भाऊ काही बोलला नाही, पण त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला समजली.

शेजारच्या कपाशीतून एक वयस्क शेतकरी बाहेर आले. अनवाणी पाय, डोक्याला टॉवेल, हातात खुरपे. त्यांनी आधी दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारली आणि मग शांतपणे अहिराणीत म्हणाले, "हाई कायी माटी शे भाऊ, पाय धरी लेस." म्हणजे, ही काळी माती आहे, पाय धरून ठेवते. पुढचे मडगार्ड काढून टाका, असे त्यांनी सुचवले. दहा नंबरचा पाना आमच्याकडे होता, पण ही साधी गोष्ट तासाभरात आम्हा दोघांनाही सुचली नव्हती. मडगार्ड निघाले आणि चाक मोकळे फिरू लागले. मग त्यांनी चाकोरी सोडून बांधालगतच्या गवतावरून चालायला लावले, कारण गवताच्या मुळ्यांमुळे तिथे माती वर उचलली जात नाही. मागच्या चाकाला खुरपे लावत ते स्वतः आमच्याबरोबर जवळजवळ अर्धा किलोमीटर आले. गाडी लोटताना त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

दम घ्यायला थांबलो, तेव्हा माझे लक्ष पहिल्यांदा त्यांच्या शेताकडे गेले. फुटलेला कापूस रात्रीच्या पावसाने भिजून झाडांवर काळपट लोंबत होता. वेचणी लावायची तेवढ्यात पाऊस आला, एवढेच ते म्हणाले. एका रात्रीत हंगाम नासलेला माणूस तासभर आमच्या गाड्यांची माती खरवडत होता आणि आम्ही त्याच्यासमोर उशीर झाल्याची तक्रार करत होतो. मी पैसे पुढे केले, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला सारला. उरलेल्या वाटेसाठी खुरपे आमच्याकडे दिले आणि डांबरावर पोचलात की फाट्यावरच्या टपरीत ठेवून जा, असे सांगितले.

डांबर लागले तेव्हा अंधार पडला होता. अडीच किलोमीटरला सव्वादोन तास लागले होते. तिथून पुढे चोपड्यापर्यंत आम्ही एकमेकांशी काहीही बोललो नाही. चोपड्यात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी समोर आली, तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की पहिला घास मोडताना भाकरी खाली पडली. घरी पोचून मागच्या सीटवर बांधलेले मडगार्ड सोडले, तर त्याच्यात खुरपे तसेच गुंडाळलेले होते. टपरीत ठेवायचे राहून गेले होते.

परतीच्या पावसानंतर काळ्या मातीच्या शिवाररस्त्याने जाऊ नये, असा सल्ला मी कुणालाही देईन. पण साडेचारशे किलोमीटरांपैकी मला आज वळणावळणाने, दगडादगडाने आठवतो तो रस्ता तेवढाच आहे. बाईकवर असताना आपण प्रदेशावरून जातो. त्या दिवशी तो प्रदेश चाकाला धरून बसला आणि मला खाली उतरावे लागले.

दिवाळीनंतर खुरपे परत द्यायला मी एकटाच गेलो. वाट वाळून कडक झाली होती आणि तेच अंतर सात मिनिटांत कापले. बाबा कपाशीत होते. खुरप्याची धार बोटाने तपासून त्यांनी ते कमरेला खोचले आणि चहा प्यायला घराकडे चला म्हणाले. निघालो तेव्हा बांधाच्या कडेला मला आमच्या टायरची नक्षी दिसली. वाळून दगडासारखी झालेली आणि आत बोट जाईल एवढी खोल. तिच्या शेजारी एका अनवाणी पावलाचा ठसा होता.