कोली घरात आणण्याआधी

कोली मुळात मेंढ्या राखणारा कुत्रा. घरात मेंढ्या नसल्या की तो पळणाऱ्या मुलांनाच वळवू लागतो, कधी टाचेला हलकेच दातही लावतो. हा राग नव्हे. पण पहिल्याच वेळी खेळ थांबवा आणि त्याला बसायला सांगा. ओरडू नका, फार हळवा जीव आहे. एकटा, रिकामा राहिला तर भुंकत सुटतो.

लांब केसांच्या कोलीला आठवड्यातून दोन-तीनदा विंचरा. नुसता वरून ब्रश फिरवून उपयोग नाही; केस हाताने बाजूला करून, कातडी दिसेल अशी ओळ पाडत मुळापासून विंचरायचं. गुंता होतो तो कानामागे आणि काखेत. उन्हाळ्यातही भादरू नका, तेच केस उन्हापासून त्वचा वाचवतात.

सगळ्यात महत्त्वाचं औषधांचं. सुमारे ७० टक्के कोलींमध्ये एमडीआर-१ जनुकाचा दोष असतो, त्यामुळे काही औषधं मेंदूत साठतात. जास्त मात्रेतलं, जंत-परजीवींवरचं आयव्हरमेक्टिन किंवा जुलाबावरचं लोपेरामाइड जिवावर बेतू शकतं. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर चाचणी होते. एकदाच करा आणि निकाल पशुवैद्यांच्या नोंदीत लिहवून घ्या. पिल्लाचे डोळे ६ ते ८ आठवड्यांच्या वयात तपासलेत का, हेही विचारा. पुढे डोळ्यांतला जन्मजात दोष झाकला जाऊ शकतो.