भिंतीला टेकलेली माशांची टाकी

लेकीच्या वर्गात दाराशेजारी मोबाईलएवढा एक पांढरा डबा लावलाय. पालकसभेला मी नेमकी त्याच्यासमोर बसले होते. आधी ६५० दिसत होतं, मग ९००, आणि पाऊण तासात १३०० ओलांडून दिवा लाल झाला. यूफ (इथे बाईंना सगळे यूफच म्हणतात) बोलता बोलता उठल्या आणि खिडकी उघडून परत बसल्या. नेदरलँड्समधला नोव्हेंबर आत आला. आम्ही कोट अंगावर ओढले नि सभा पुढे सुरू.

तो आकडा कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्याचे किती भाग. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. तेराशेने लगेच कुणाला धोका नसतो, पण एकमेकांचा उच्छ्वास आपण किती आत ओढतोय ते त्यावरून कळतं. करोनात हे सगळ्यांनाच शिकावं लागलं.

शाळेची इमारत नवी आहे. प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकाने दोन वर्गांमधली घडीची भिंत दाखवली होती. म्हणे, हवं तेव्हा दोनाचा एक वर्ग! तीन वर्षांत मी ती दोनदाच उघडलेली पाहिली. बंद असली तरी फटींतून पलीकडचे पाढे ऐकू येतात, आणि उघडायची तर दोन माणसं लागतात. आता तिला टेकून कपाट आहे, कपाटावर माशांची टाकी. टाकीत मासे आहेत तोवर ती भिंत काही हलायची नाही.

मुलांना मात्र रोज काही ना काही वेगळं हवं असतं. प्रत्येकाच्या बाकावर एक ठोकळा असतो: लाल बाजू वर म्हणजे मला त्रास देऊ नका, हिरवी म्हणजे विचारा, प्रश्नचिन्ह म्हणजे मी अडलोय. आवाज सहन न होणारी मुलं कानावर हेडफोन चढवून बसतात, काही जण सरळ बाहेर बोळात जाऊन लिहितात. माझ्या मते शाळेतली खरी लवचीक जागा तो बोळच. तिथे कुणी काय करायचं, हे नकाशात ठरलेलं नाही.

ॲमस्टरडॅमला क्लिओस्ट्राट या रस्त्यावर वास्तुविशारद यान डाउकर यांची १९३० सालची खुल्या हवेची शाळा आहे. अशा शाळा आधी क्षयाची भीती असलेल्या, अशक्त मुलांसाठी निघाल्या, पहिली १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला. डाउकर यांची शाळा मात्र धडधाकट मुलांसाठी, आणि ते तिच्या नावातच आहे: ‘निरोगी मुलासाठी खुल्या हवेची शाळा’. चारी बाजूंनी घरं, मधल्या अंगणात ही काचेची इमारत. वरच्या मजल्यांवर दोन वर्गांना मिळून एक उघडी गच्ची. खांब कोपऱ्यांत नाहीत, म्हणून कोपरेसुद्धा काचेचे. अजून तिथे शाळा भरते.

डेल्फ्टला हर्मन हर्ट्झबर्गर या वास्तुविशारदाच्या माँटेसरी शाळेत बालवर्गाच्या दालनात जमिनीत एक चौकोनी खड्डा आहे. त्यात लाकडी ठोकळे बसवलेत. ते बाहेर काढले की बसायला स्टुलं होतात, आणि रिकाम्या खड्ड्यात मुलं गोल करून बसू शकतात. ना रूळ, ना मोटर. चार वर्षांच्या पोरालाही जमेल.

आमच्या शाळेत गेल्या वर्षी सामानाच्या खोलीतून ‘शांत खोली’ काढली. मधे एक हलकी भिंत घातली, गालिचा टाकला, दिवा मंद केला. मुलं खूश. महिन्याभरात तिथला डबा रोज लाल. छतावर चढून पाहिल्यावर कळलं, हवा आत येण्याची जाळी भिंतीच्या एका बाजूला राहिली नि बाहेर जाण्याची दुसऱ्या. भिंत घालताना हवेच्या नळ्यांचा विचार कुणीच केला नव्हता, आम्ही पालकांनीही नाही, आणि आमच्यात दोन इंजिनिअर आहेत.

नवी जाळी बसवायला माणूस येणार आहे, म्हणतात. तोवर त्या शांत खोलीच्या दारात कुणाचा तरी बूट अडकवलेला असतो.