कवडीची रुई : आमची वाटचाल

विदर्भात पहिल्या वेच्याचा कापूस आणि हंगाम सरताना येणारी फरदड यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. फरदडीत अर्धवट उमललेली, किडकी, पिवळट बोंडे फार. त्यांतील घट्ट चिकटलेल्या पाकळ्या म्हणजे कवडी. आमच्या जिनातही, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यातही, ती वर्षानुवर्षे ग्रेडर यंत्राखाली साचत असे आणि गादीवाल्यांना मिळेल त्या भावाने जात असे. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळसह सारा कापूसपट्टा पोखरला, तेव्हा मात्र कवडीचे ढीग एवढे वाढले की तिच्यातील रुई सोडवणे हाच आमचा जोडधंदा झाला.

काम दिसते तेवढे सोपे नाही. कवडी ओली असेल तर ओपनरच्या, म्हणजे पाकळ्या उलगडणाऱ्या यंत्राच्या, दात्यांखाली पाकळी फुटत नाही, नुसती चेपते. म्हणून दवाच्या दिवसांत ती ओट्यावर पातळ पसरून, सरकी दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवावी लागते. नंतर दातेरी रोळ पाकळ्या उलगडतो, टरफल, पत्ती आणि माती जाळीतून खाली पडते आणि मोकळा झालेला कापूस सरकी काढणाऱ्या वेगळ्या डबल रोलर जिन यंत्रावर चढवला जातो. रोळाचा वेग वाढवला की दिवसाचे काम भराभर उरकते, पण धागा तुटतो आणि गुठळ्या वाढतात. त्यामुळे आमचा फिटर मशीन हळूच चालवतो, आणि या बाबतीत त्याचा शब्द मालकाच्या वर आहे.

ही रुई चांगल्या गाठींत थोडी थोडी मिसळावी, कोणाला कळणार आहे, असा सल्ला देणारे दलाल दर हंगामात भेटतात. कळते ते गिरणीत. अपक्व धागा रंग नीट धरत नाही, त्यामुळे रंगवलेल्या कापडावर पांढरट ठिपके उमटतात. शिवाय आखूड धाग्याने सूत तुटते ते वेगळेच. म्हणून 170 किलोची गाठ बांधतानाच आम्ही तिच्यावर कवडीची खूण करतो आणि ती जाड सूत काढणाऱ्या ओपन-एंड गिरण्यांना, तशीच रजईच्या कारखानदारांना, तिच्याच नावाने विकतो. भाव अर्थातच कमी मिळतो, आणि कवडी ओली आलेल्या वर्षी वाळवणाची मजुरी जेमतेम निघते. तरीही गाठ परत येत नाही, हे आमच्या लेखी मोठे आहे.

उरलेल्या कचऱ्याकडेही आता काटेकोर लक्ष द्यावे लागते. अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत सुप्तावस्थेत राहते आणि कारखान्याच्या आवारातूनच पुढच्या पिकावर जाऊ शकते. त्यामुळे अशी जोडसरकी आणि ओपनरखालचा गाळ साठवून न ठेवता हंगाम संपताच आम्ही नष्ट करतो, सरकी लवकरात लवकर तेलगिरणीला रवाना करतो आणि कुंपणालगत कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावून त्यांत अडकलेले बोंडअळीचे पतंग नियमित मोजतो.